येण्याचं पान

डावं पान

अंगठ्याचं कातडं खाटकाच्या चोचीत अडकलेलं असतानाच बाबांनी दुसऱ्या हाताने त्याचा पंख पट्टीवर टेकवला.

“त्र्याण्णव.”

“त्र्याण्णव,” मुलीने वहीत लिहिलं. “बाबा, रक्त येतंय.”

“त्याचं नाही ना? मग लिही. वजन बत्तीस. चरबी तीन. यंदाचंच पिल्लू.” त्यांनी पोटावरची पिसं फुंकून बाजूला केली आणि कातडीखालचा पिवळा थर पुन्हा एकदा पाहिला. “खाऊनपिऊन निघालंय. शहाणं आहे.”

वजन निम्म्या अंड्याएवढं, चोच आकड्यासारखी. हा पक्षी नाकतोडे पकडतो आणि काट्याला टोचून ठेवतो, म्हणून त्याचं नाव खाटीक. इतर केंद्रांवरचे लोक मोजणी होईपर्यंत त्याला चावायला पेन्सिल देत. बाबा अंगठा देत. पेन्सिलीने चोचीची धार जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. अंगठ्याचं काय जातं, हे आईने एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, अंगठ्याला वाळवंट ओलांडायचं नसतं.

त्यांनी पायात कडं बसवलं, पकडीने दाबलं, नखाने फिरवून पाहिलं. मग हात खोपटाच्या खिडकीबाहेर काढून मूठ उघडली. पक्षी क्षणभर तळव्यावरच बसून राहिला, आपण सुटलो हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं जणू.

“सांभाळून जा,” बाबा म्हणाले.

तो गेला. बाबा त्या दिशेला बघत राहिले, गरजेपेक्षा थोडं जास्तच. मुलगी चार दिवस हे बघत होती. प्रत्येक खाटकामागे तेवढाच वेळ.

उजवं पान, गेल्या वर्षीचं

निरंक.

डावं पान

वह्यांची मांडणी बाबांचीच. डाव्या पानावर शरदात या भूशिरावरून दक्षिणेला जाणारे पक्षी, समोरच्या उजव्या पानावर वसंतात परत येणारे. सप्टेंबरात कडं घातलेला पक्षी एप्रिलमध्ये जाळ्यात सापडला, की त्याच्याच ओळीसमोर नोंद करायची. पान आडवं वाचलं की एका जिवाचं जाणं-येणं समजावं, अशी ती योजना होती.

इतर पक्ष्यांची उजवी पानं बऱ्यापैकी भरलेली होती. खाटकाची कोरी होती. बाबांना कोरं पान चालत नसे. कोरं म्हणजे कुणी बघितलंच नाही असा अर्थ होतो. म्हणून प्रत्येक वसंतात चाळीस दिवस, त्याच झुडपांत, त्याच वेळी, तितक्याच जाळ्या लावून झाल्यावर ते पानाच्या मधोमध लिहीत: निरंक.

एकतीस वर्षांत इथून सहा हजार दोनशे चौदा खाटीक कडं घालून गेले. एकतीस वसंतांत परत दिसले सात, आणि सातांपैकी एकाच्याही पायात कडं नव्हतं.

यावरून बाबांनी जे ठरवायचं ते ठरवलं होतं. उत्तरेच्या रानांत दर उन्हाळ्यात खाटीक दिसतात हे त्यांना ठाऊक होतं. पण ते दुसऱ्या कुठल्या वाटांनी जाणारे असावेत. या भूशिरावरून जाणारी टोळी वाट चुकलेली. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. शुक्रवारी त्यांचा अहवाल छापायला जायचा होता, आणि त्याच्या शेवटच्या पानावर एक वाक्य होतं. आकड्यांच्या माणसाने आयुष्यात लिहिलेलं एकमेव हळवं वाक्य:

“हे पक्षी परतत नाहीत, आम्ही त्यांना शेवटचं पाहणारे आहोत.”

आणि मुलीच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीखाली, हे वाक्य खोटं ठरवणारा नकाशा होता.

ती उत्तरेच्या रानात काम करत असे, खाटकांच्या घरट्यांवर. मागच्या उन्हाळ्यात तिने अठरा नरांच्या पाठीवर वाटाण्याएवढं एकेक यंत्र बांधलं होतं. त्या यंत्राला एकच गोष्ट कळायची: उजेड. सूर्य कधी उगवला, कधी मावळला, एवढंच ते नोंदवत राहायचं. दिवसाची लांबी आणि माध्यान्हीची वेळ यांवरून मागाहून हिशेब करून पक्षी त्या दिवशी कुठे होता ते काढता येतं. या उन्हाळ्यात अकरा नर त्याच झुडपांवर परत आले, यंत्रांसकट. तिने ती सोडवली, बोटं चावून घेतली, आणि आठ दिवसांपूर्वी अकरा रेघा एकाच नकाशावर उमटलेल्या पाहिल्या.

जाताना सगळे याच भूशिरावरून गेले होते. येताना एकही नाही.

डावं पान, समासात

“पोटात काय ठेवलंयस?” आईने विचारलं.

ती पडवीत बसून फाटलेली जाळी शिवत होती. केंद्रातली सगळी जाळी तिच्याच हाताखालून जायची. बारीक दोऱ्याची, उन्हात धरली तर दिसूही नये अशी. केंद्राच्या नोंदींत तिचं नाव कुठेही नव्हतं.

“काही नाही.”

“चार दिवस घास मोजून खातेस. पोटात काही नसलेली माणसं भरपूर जेवतात.”

मुलगी खाली बसली. जाळीचं दुसरं टोक हातात धरून ताणत तिने सगळं सांगितलं.

“म्हणजे परत येतात?” आईचा हात थांबला.

“येतात. इथून नाही. पूर्वेकडून, डोंगरांच्या पलीकडून. इथून दीड हजार किलोमीटरवरून.”

“मेलेली नाहीत?”

“नाहीत.”

“मग तोंड असं का केलंयस? कुणाचं काही झाल्यासारखं?”

“अगं, एकतीस वर्षं, आई. शेवटच्या पानावर त्यांनी काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना? मला वाटलं, जाऊ दे अहवाल तसाच. माझा शोधनिबंध येईल वर्षभराने. तोवर ते निवृत्त झालेले असतील, शांतपणे.”

“आणि मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकतील. शांतपणे.” आईने दाताने दोरा तोडला. “मला त्या कडी-आकड्यांतलं काय कळणार? मी जाळ्या शिवते. पण ज्या माणसाने रोज सकाळी आपला अंगठा चावायला दिलाय, त्याच्यासाठी तुझ्या कागदाला दात आहेत का एवढे मोठे?”

“आहेत.”

“बघू तर,” आई म्हणाली. “वारा सुटलाय. आता जाळ्या गुंडाळतील. जा.”

डावं पान

बाबांनी नकाशा खोपटातल्या टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर वजनकाट्याची मापं ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे कागदाजवळ नेले. अकरा रेघांपैकी एकेकीवरून बोट नेलं. उत्तरेतून निघाली, भूशिरावरून उतरली, समुद्र, वाळवंट, खाली दूरवर जाऊन थांबली. तिथून निघताना मात्र बोट डावीकडे वळायला गेलं आणि रेघ उजवीकडे गेली. बाबांनी बोट उचललं. पुन्हा सुरुवातीपासून नेलं.

“सावलीचा फरक काढलास? झाडीत बसलेला असला तर सूर्य उशिरा उगवल्यासारखा दिसतो.”

“काढलाय.”

“दिवस-रात्र समान असतात तेव्हाचे पंधरवडे? तेव्हा उत्तर-दक्षिण कळत नाही.”

“ते सगळे टाकले, बाबा. मार्च अर्धा टाकला.”

“किती पक्षी?”

“अकरा.”

“आणि अकराही पूर्वेने?”

“अकराही.”

बाहेर जाळ्यांच्या रिकाम्या काठ्या वाऱ्याने वाजत होत्या. मुलीने पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ सरकवला. त्यांनी तो नकाशापासून दूर ठेवला, कागद भिजेल म्हणून.

“लांबची वाट,” ते म्हणाले. “एवढा वळसा का घेतील?”

“वसंतात पूर्वेकडे पाऊस झालेला असतो. गवत, किडे. वाराही पाठीवर मिळतो. इकडे तेव्हा नुसती धूळ.”

“म्हणजे जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी.” ते खुर्चीत टेकले. “आईबाप आधीच निघून गेलेले असतात, ठाऊक आहे ना तुला? हे सकाळचं पिल्लू. एकटं निघालंय, अंधारात उडणार. कुणी दाखवलं नाही, कुणी सांगितलं नाही. आणि इथून जा, तिथून ये, हे दोन्ही घेऊनच अंड्यातून बाहेर आलं. बत्तीस ग्रॅममध्ये.” त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. “मी दारात दिवा घेऊन उभा, आणि पाहुणे मागच्या दाराने कधीच घरात.”

“पाहुणे शहाणे होते,” दारातून आई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

बाबा हसले नाहीत. उठले, कपाटाच्या खालच्या खणात हात घालून एक जाड वही काढली. कव्हरवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: वाचनदोष.

मुलीला ती वही माहीत होती. प्रत्येक केंद्रात अशी एक असते. कड्यावर बारीक आकडे असतात, लोक दुरून, घाईत वाचतात. कुठल्या तरी गावाहून पत्र येतं, अमुक आकड्याचा पक्षी दिसला, आणि तो आकडा जुळवून पाहावा तर पक्षी तिथे असणंच शक्य नसतं. असं पत्र मुख्य वहीत घेत नाहीत. त्याची नोंद वेगळी ठेवतात आणि कळवणाऱ्याला कार्ड पाठवतात. शिस्तच आहे तशी. मुलगीही तेच करायची.

“मी वाचतो,” बाबा म्हणाले. “तू ठिपके दे.”

उजवं पान

अठरा एप्रिल. विहिरीच्या काठावर, दमलेला, जिवंत. शेरा: वाचनदोष.

दोन मे. शाळेच्या खिडकीवर आपटून मेला. मुलांनी पुरला. आकडा फळ्यावर लिहून ठेवला. शेरा: वाचनदोष.

सव्वीस एप्रिल. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात शिरला, टोपीने पकडला, वाचून सोडला. शेरा: वाचनदोष.

अकरा एप्रिल. कडं काढून सोबत पाठवलं आहे.

इथे बाबा थांबले. त्या पानाला एक चपटं, झिजून पांढरं पडलेलं कडं चिकटवलेलं होतं. अर्धे आकडे घासून गेले होते.

“हे तर हातात आलं होतं माझ्या,” ते म्हणाले. “उरलेले आकडे भिंगाखाली धरले. दोन प्रकारे वाचता येत होते. मला हवे तसे वाचले मी.”

“बाबा, कुणीही तसंच...”

“ठिपका दे.”

एकेचाळीस नोंदी होत्या. शेवटचा ठिपका दिल्यावर दोघांनी नकाशाकडे पाहिलं. खालून वर, पूर्वेच्या बाजूने, एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत तारखांच्या क्रमाने ठिपके चढत गेले होते, मुलीच्या रेघांना लागूनच. सदतीस. उरलेले चार भलतीकडेच पडले होते. एक तर समुद्रात.

“चार तरी माझे बरोबर निघाले,” बाबा म्हणाले, आणि मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. “पोहोचत होती, म्हणजे. माझीच. ही इथलीच.”

“हो, बाबा.”

“सहा हजारांना निरोप दिला मी. वर पोहोचवल्यासारखा.”

ती घाबरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आठ दिवस ती ज्याला भीत होती ते आता येईल असं तिला वाटलं. पण बाबांनी गेल्या वर्षीची वही ओढली, उजव्या पानावरच्या ‘निरंक’ या शब्दाखाली बोट ठेवलं आणि एखादा पक्षी हातात नीट धरता आला की व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला. सैल, सावध, अतिशय खूश.

“बघायला हवं होतं मी फक्त,” ते म्हणाले. “एवढंच. लिहिलेलं होतं सगळं.”

डावं पान

मग त्यांना एक गोष्ट खटकली. आकड्यांचा माणूस, शिलकी राहिलेलं त्यांना सोडवत नसे.

“एकेचाळीस पत्रं, पण माणसं सव्वीसच. हा पंपघरवाला तीनदा लिहितो, अकरा वर्षांत. शाळेतल्या बाई चारदा. मी प्रत्येकाला कळवलं होतं, तुमचं चुकलंय. चुकलंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. ही माणसं परत परत का लिहीत राहिली?”

“कार्डावर काय असायचं?”

“छापीलच. दोन ओळी. पत्राबद्दल आभार. आपण कळवलेला आकडा वाचण्यात चूक झालेली दिसते.”

मुलीने वहीच्या मागच्या खिशातून पंपघरवाल्याचं तिसरं पत्र काढलं. बाबा अशा पत्रांतला आकडा, तारीख आणि ठिकाण तेवढं वाचत. बाकीचा मजकूर त्यांच्या मते पान भरण्यापुरता. ती मोठ्याने वाचू लागली.

“साहेब, पुन्हा एक आलाय, व्हॉल्व्हच्या चाकावर बसला होता. मागल्या खेपेस तुम्ही चूक म्हणालात, म्हणून या वेळी भिंग आणून ठेवलं होतं. बायकोलाही वाचायला लावला, तिची नजर माझ्याहून बरी. खरं तर दोनदा चुकल्यावर लिहिणार नव्हतो. पण तुमच्या कार्डाची शेवटची ओळ इथे भिंतीला लावलेली आहे, ‘चुकलं तरी चालेल, पुन्हा दिसला तर जरूर कळवा, एवढं निरखून कोण बघतं’, ती रोज समोर दिसते.”

ती थांबली.

“शेवटची ओळ?” बाबा म्हणाले. “मी असं काही लिहीत नाही.”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“मला सुचणारही नाही.”

दोघांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. आई उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर जाळी, सुई चाललेली.

“अगं,” बाबा म्हणाले.

“काय?”

“कार्डं पोस्टात तूच टाकायचीस ना?”

“मग? तुम्ही पोस्ट पाहिलंय तरी का कधी?”

“काय लिहायचीस त्यांच्यावर?”

“पत्ता नीट करायचे. तुमचं अक्षर पोस्टमनला लागत नाही.” सुई एकदा आत गेली, बाहेर आली. “आणि खाली जागा असायची रिकामी. कुणी उन्हातान्हात टोपीने पाखरू धरतो, बायकोला हाक मारतो, आकडा वाचून आपल्याला कळवतो. त्याला नुसतं चुकलं म्हणून कार्ड धाडायचं? असं घरी आलेल्याशी तरी बोलतो का आपण?”

“किती जणांना लिहिलंस?”

“आकडे तुमच्याकडे असतात.”

बाबांनी ‘वाचनदोष’ची वही मिटली. ती परत कपाटात ठेवायला गेले, अर्ध्या वाटेत थांबले आणि टेबलावरच, मुख्य वह्यांच्या चळतीत सगळ्यात वर ठेवून दिली.

उजवं पान, शुक्रवार

अहवाल गेला नाही. बाबांनी फोन करून महिनाभराची मुदत मागितली आणि कारण विचारल्यावर “पक्षी परत आलेत” असं म्हणून ठेवून दिला. सप्टेंबरात पक्षी कसे परत येतील, हे पलीकडच्याला विचारायलाही मिळालं नाही.

सकाळची मोजणी झाली. चौदा खाटीक. अंगठा सुजला होता. प्रत्येकाला सोडल्यावर बाबा लगेच म्हणत, “पुढचा आण,” आणि मुलीची लिहिताना तारांबळ उडत होती.

दुपारी वारा सुटल्यावर जाळ्या गुंडाळून ते पडवीत कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. छापील नव्हे, कोरी. सव्वीस. पत्ते मुलीने वहीतून काढून दिले. काही माणसं आता त्या पत्त्यावर नसतील, काही कुठेच नसतील, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, त्यांचा ठावठिकाणा लागल्याशिवाय आपण निरंक लिहायचं नाही.

त्यांनी प्रत्येकावर हाताने लिहिलं. आपण आकडा बरोबर वाचला होतात. चूक माझी होती. आपला पक्षी तिथेच होता. खाली सही, आणि सही अशी वर, अंग चोरून, की कार्डाचा निम्मा भाग उघडाच राहिला.

“बाबा, या दोघांचं तर खरंच चुकलं होतं,” मुलगी एका बाजूला काढलेली दोन कार्डं दाखवत म्हणाली. “तीन नोंदी या आजोबांच्या, आणि हा समुद्रातला. यांना काय लिहायचं?”

बाबांनी विचार केला.

“निरखून पाहिलं होतं ना त्यांनीही,” ते म्हणाले. “दे इकडे.”

सगळी लिहून झाल्यावर त्यांनी गठ्ठा जुळवला, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि आईच्या मांडीवरच्या जाळीवर ठेवला. आईने वरचं कार्ड उचललं, वाचलं. उलटून पत्ता पाहिला. पुन्हा सुलटं केलं.

“पोस्ट उद्या,” ती म्हणाली. “आज वेळ गेली.”

बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

आई थोडा वेळ त्या पेनाकडे बघत राहिली. मग तिने सुई पदरात टोचली, मांडीवरची जाळी बाजूला केली आणि कार्ड गुडघ्यावर टेकवलं.

“जरा सरका,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”

बाबा सरकले.